पोट बांधून बोल

सर,

माझं सगळं बदललं ते एका दुपारी, फिजिओथेरपीच्या कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या खोलीतल्या टेबलावर मी उघड्या पोटाने पडलो होतो तेव्हा. तुम्हाला हे कुठून माहीत असणार? तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. मी फिजिओथेरपीला जाईन आणि तेही अर्ध्यात सोडून येईन, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी पोटाचे स्नायू कधी किती काम करतात ते मशीनवर बघायचं होतं. मॅडमना सडपातळ मुलगा हवा होता, चरबी असली की पोटावर लावायच्या वायरींच्या स्टिकरला नीट काही पकडता येत नाही म्हणून. सगळ्या बॅचने माझ्याकडे बोट दाखवलं. "याला घ्या मॅडम, हा कबड्डीवाला आहे." मी शर्ट काढला. जरा ऐटीतच काढला, खोटं कशाला बोलू. आणि स्टिकर लावायला मॅडमनी नेमकं तिला सांगितलं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. एकदा तिचं नाव चारचौघांत घेऊन बसलोय, त्याची गोष्ट पुढे येईलच. तिने स्पिरिटच्या बोळ्याने पोट पुसलं. एक स्टिकर बेंबीच्या बाजूला लावला, एक बरगडीखाली कुशीवर, एक खाली कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला. गार. मग खालच्या स्टिकरशेजारी दोन बोटं टेकवून ती म्हणाली, "नाभी आत ओढ. हळू. कण्याकडे. श्वास घेत राहा." मी ओढली. पडद्यावर वरच्या दोन रेषा आडव्याच राहिल्या आणि खालची रेषा तेवढी जाड झाली, थरथरायला लागली. "दिसला!" ती एवढ्या आनंदाने ओरडली की मॅडमही हसल्या. सगळ्यात आतला आडवा स्नायू वरून नीट पकडता येत नाही, त्याच्या शेजारच्याचं आणि त्याचं मिळून काम त्या खालच्या रेषेत दिसतं, असं मॅडम सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी कामातून गेलो होतो. माझ्या पोटात काहीतरी आहे आणि ते या मुलीला दिसलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्यानंतर मॅडमनी दुसरा प्रकार करायला लावला, स्टिकर तेच, मशीन तेच. त्यात काय झालं ते मला आठवत नाही, असं मी काल संध्याकाळपर्यंत समजत होतो.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही. एक सीनियर कँटीनमध्ये तिच्याबद्दल काहीतरी घाण बोलल्याचं माझ्या कानावर आलं. मी विचारायला गेलो नाही, मारायलाच गेलो. हातात ट्रे होता, तोच. आणि मारताना तिचं नाव घेऊन ओरडत होतो, सगळ्या कॉलेजला ऐकू जाईल असं. कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले, नाही म्हटलं. मग बॅग भरली. ती गेटपर्यंत आली. मला वाटलं थांबवायला आली.

"मी तुला सांगितलं होतं का त्याला मारायला?"

"नाही."

"मग माझं नाव कशाला घेतलंस? आता तू जाशील घरी. मला इथेच बसायचंय ना, त्याच वर्गात."

मी तिच्यावरच ओरडलो. मग अलिबागची एसटी पकडली. आता आई आणि मी नागावच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, शनिवार-रविवारी मी किनाऱ्यावर बनाना बोटीवर असतो. आत्ता त्यातल्याच एका खोलीत बसून लिहितोय. पाहुणे सकाळी गेले, चादरीवर अजून वाळू आहे. झाडून काढायला म्हणून आलो आणि लिहायला बसलो.

तुमच्याकडे शिकलो तेव्हाचं मला सगळं आठवतं, हीच तर गंमत आहे. सुरूच्या बनामागचं आपलं मैदान, संध्याकाळचं ऊन, खारा वारा. तुम्ही शाळेत शर्ट खोचलेले पीटीचे मास्तर आणि मैदानावर हाफ पँटमध्ये, वेगळाच माणूस. आम्हाला ओळीने उभं करून तुम्ही पाठीमागून यायचात आणि दोन्ही कुशींत बोटं रुतवायचात. "खोक." आम्ही खोकायचो. "कळलं? खोकताना जसं सगळीकडून घट्ट होतं, पुढून, बाजूनं, पाठीत, तसं ठेव. पोट आत न्हाय न्यायचं. माझी बोटं बाहेर ढकलली पाहिजेत तुझ्या पोटानं. हां. आता बोल." आणि आम्ही कबड्डी कबड्डी कबड्डी सुरू करायचो. पोट घट्ट आणि तोंडाने दम चालू. पहिले काही दिवस कुणालाच जमायचं नाही. पोट बांधलं की आवाज बंद, आवाज काढला की पोट ढिलं. "काय रे बाला, पोटात कापूस भरलाय काय?" तुम्ही म्हणायचात. "बोलता येत नसेल तर तू पोट नाय बांधलंस, श्वास बांधलास. श्वास बांधून मध्यरेषेपलीकडे गेलास तर परत येशील काय?" आणि कुणी फारच जोर लावून लाल झाला की टपली. "सगळी ताकद पोटातच खर्च केलीस तर पाय कोण हलवणार? तुझा बाप?"

हे सगळं कॉलेजात शिकवतात त्याहून वेगळं होतं असं मला म्हणायचं नाही. गावी आल्यावर पोरांना इंप्रेस करायला मी तसं बोलायचो, की सरांचं सगळं जुनं होतं, सायन्स वेगळं सांगतं. सायन्स तेच सांगत होतं. मी ऐकत नव्हतो.

तुमच्या घरातलं स्वयंपाकघरही आठवतं. प्रॅक्टिस झाली की तुम्ही मला चहाला न्यायचात, कारण माझे बाबा तेव्हा बोटीवर असायचे आणि मी घरी गेलो की कुणाशी ना कुणाशी भांडायचो. काकू मांदेली तळत असायच्या. एकदा तुम्ही चहा उकळेपर्यंत तिथेच फरशीवर कोपरांवर पालथे झालात, अंग सरळ फळीसारखं, आणि तुमची लेक, तेव्हा केवढीशी, येऊन पाठीवर बसली. हातात बिस्किट. चुरा तुमच्या मानेवर पडत होता. तुम्ही तसेच, कबड्डी कबड्डी चालू, आणि ती वरून म्हणते, "पप्पा, हलू नका, माझं सांडतंय." काकू म्हणाल्या, "दोघांना पण उद्या बाहेर जेवायला वाढीन." तुम्हाला हसू आलं, पोट सुटलं, आणि दोघं मिळून खाली. मी एवढा हसलो होतो की चहा नाकातून आला.

आणि तो यात्रेतला सामना. पंचांनी माझा दम तुटला म्हणून मला बाद दिलं आणि मी त्यांची कॉलर धरली. तुम्ही मैदानात आलात, माझा हात सोडवलात आणि सगळ्यांसमोर पंचांना म्हणालात, "बरोबर दिलंत, तुटला होता दम. मी ऐकला." त्या अख्ख्या मोसमात मला बाहेर बसवलंत. मला तो अन्याय वाटला होता आणि थोडा अजूनही वाटतो, कारण कॉलर धरली त्याची शिक्षा एक सामना पुरे होती. पण त्या दिवशी घरी जाताना तुम्ही म्हणालात, "तुझा राग छातीत बसतो, म्हणून तुझा दम लवकर संपतो."  मग दिवाळीला स्वतःचे नीकॅप मला देऊन टाकलेत, धुऊन, घडी करून. त्यानंतर काही महिन्यांत वडखळच्या रस्त्यावर तुमच्या गाडीला अपघात झाला. मी दवाखान्यात आलो होतो. आत सोडलं नाही. तिथेही मी वॉचमनशी भांडलो.

तर आता मुद्द्याचं. कॉलेज सोडून आलो तेव्हा मंडळाच्या मुलींच्या टीमला शिकवायला कुणी नव्हतं. मला विचारलं, मी हो म्हटलं. आणि तुमची लेक त्या टीमची चढाई करणारी. तुम्ही बघायला हवं होतंत, सर. पाय तुमचेच. कोपऱ्यातल्या पोरीला चकवून अशी निसटते की पकडणारीच्या हातात हवा. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू हाय ना बाला, मंग मना कसला घोर न्हाय." त्यांना तिचं जिल्ह्याच्या संघात नाव लागायला हवंय. तिथून पुढे राज्य, मग खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नाहीतर रेल्वेत नोकरी. तुमच्या मागे त्या घरात तेवढी एकच मोठी आशा आहे, आणि ती माझ्याकडे सोपवलेली.

आणि मी काय शिकवलं? नाभी आत ओढ. रोज. चढाईला जाताना, वळताना, पकड सोडवताना, नाभी आत. मी ते इतक्या प्रेमाने शिकवलं, सर, काय सांगू. दर वेळी ते शब्द उच्चारले की मला ती खोली आठवायची, ती दोन बोटं, पडद्यावरची ती रेषा. मुली मागून नकला करायच्या, "नाऽभी आऽत," आणि खिदळायच्या. मला त्याचंही बरं वाटायचं. मी स्नायू शिकवत नव्हतोच. माझी आठवण घोकून घेत होतो दुसऱ्यांच्या पोटांकडून.

तुमच्या लेकीचा दम तुटायला लागला. आधी कधी तुटायचा नाही. आत ओढून धरायचं म्हणजे ती श्वासच कोंडायची, आणि मध्येच आवाज बंद. मला वाटलं दमसास कमी आहे. मी तिला किनाऱ्यावर पळवलं, ओल्या वाळूत नाही, सुक्या वाळूत. एकदा ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "दादा, दम लावते तर पोट सुटतं, पोट धरते तर दम जातो. दोन्ही एकदम नाय जमत." तिने मला अगदी बरोबर सांगितलं होतं, सर. आम्ही पोरं तुम्हाला हेच सांगायचो. तुमच्याकडे उत्तर होतं आणि ते मलाही पाठ होतं. मी म्हटलं, "जमेल, पळ." तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई सांगते, पप्पा वेगळं शिकवायचे. पोट बाहेर ढकलायचं म्हणून."

आणि मी म्हणालो, "तुझे पप्पा फिजिओ नव्हते शिकलेले."

बुटाच्या नाड्या बांधणाऱ्या मुलींचे हात थांबले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, रडली वगैरे नाही, वळली आणि पळायला गेली. मी तरी कुठे फिजिओ होतो? हे एकीलाही म्हणायचं सुचलं नाही, किंवा सुचलं आणि माझ्या तोंडाला घाबरून गप्प बसल्या. त्यानंतर ती मी सांगीन ते करते. नाभी आत ओढते, धक्के खाते. गेल्या आठवड्यात एका पकडीत दोघींनी मिळून तिला कमरेतून उचलून आपटलं, तेव्हापासून उठताना कमरेला हात लावते. मी विचारलं तर म्हणाली, "काय नाय, पायाला मुंग्या येतात जरा. मांडीमागून खाली. आईला नको सांगूस, पालीला जायचंय." पालीला उद्या जिल्ह्याची निवड चाचणी आहे. काकूंनी बॅग भरून ठेवलीय. आधी बल्लाळेश्वराला नारळ फोडायचा आणि मग मैदानात जायचं, असं ठरलंय त्यांचं. मी काय केलं? मी म्हटलं, "बाम लाव."

परवा मी तिच्या चढाईचा व्हिडिओ कॉलेजातल्या तिला पाठवला. खरं कारण उघड आहे. इतक्या काळात एक निमित्त सापडलं होतं. खाली लिहिलं, "बघ, तुझं शिकवलेलं अजून चालवतोय." काल संध्याकाळी तिचा फोन आला. ती आता एका क्लिनिकमध्ये असते. कशी आहेस, बरी आहे, यातलं काहीच नाही. सरळ म्हणाली, "या मुलीला तू पोट आत घ्यायला सांगतोस?"

"हो. तूच तर..."

"कशासाठी? ते आपण आतला स्नायू वेगळा ओळखता यावा म्हणून करून बघितलं. झोपून, शांतपणे. हिला चार जणी येऊन आदळतात. आत ओढलं की तेवढाच एक काम करतो, बाजूचे मोठे सुट्टे राहतात. धक्का आला की सगळा पाठीवर. तिला सगळीकडून घट्ट करायला शिकव. दुसरा प्रकार केला नव्हता का आपण, लगेच पुढचा? तिन्ही रेषा एकदम उठल्या होत्या."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? तू तेव्हा माझ्याकडे बघत होतास. मॅडमनी दोनदा सांगितलं की आता कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समज, तर तू माझ्याकडे बघून हसत होतास. सगळी बॅच बघत होती. मला जमिनीत जावंसं वाटत होतं."

 ज्या क्षणावर मी एवढा काळ जगलो तो तिच्या बाजूने असा होता. मग तिने विचारलं, मुलगी कमरेला हात का लावते. मी मुंग्यांचं सांगितलं. तिचा आवाजच बदलला. म्हणाली, तुझ्या शिकवण्याने झालं की त्या आपटण्याने, ते मला इथून सांगता येणार नाही आणि तपासल्याशिवाय मी सांगणारही नाही. पण मुंग्या मांडीमागून खाली उतरत असतील तर तिने खेळायचं नाही. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा. उद्या खेळली आणि पुन्हा कुणी उचलून आपटलं, तर त्यापेक्षा एक चाचणी हुकली असती तर परवडलं असतं, असं काहीतरी होऊन बसेल. "घरी सांग तिच्या. आजच्या आज. सांगशील?" मी म्हटलं सांगतो. आणि नाही सांगितलं. काल फोन ठेवल्यावर किनाऱ्यावरून तुमच्या घराच्या वळणावर गेलो होतो. ओट्यावर काकू तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी गाडी फिरवली.

आज सकाळपासून मी स्वतःला काय काय समजावतोय. एक दिवसाचाच तर प्रश्न आहे. चार चढाया करेल, नाव लागेल, मग सावकाश डॉक्टरला दाखवू. मुंग्या तर मलाही आल्यात कधी कधी. आणि सांगितलं तर काकू माझ्याकडे कशा बघतील ते मला दिसतं. तुमच्या लेकीचं वर्ष जाईल. कदाचित वर्षावर भागणारही नाही, या वयात एक निवड हुकली की मागून आलेल्या पोरी पुढे जातात. आणि हे करणारा मी, तुमचा. जो तुमच्या घरी चहा पिऊन मोठा झाला आणि तुमच्या लेकीला सांगतो की तुझे पप्पा शिकलेले नव्हते. सर, मला चिडता येतं, मारता येतं, बॅग भरून निघता येतं. एका जागी उभं राहून, श्वास चालू ठेवून, समोरच्याला सरळ सांगता येत नाही. तेवढंच तुम्ही शिकवत होतात का? मला ठाऊक नाही. तुम्ही कदाचित फक्त कबड्डीच शिकवत होतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते कळतं मला. काकूंच्या हातात देऊन पळायचा एक विचार मघाशी आला होता. त्या वाचतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तो सोडला.

एक मात्र कबूल करतो, कारण इथे नाही केलं तर कुठेच होणार नाही. सकाळी कॉलेजातल्या तिचा मेसेज आलाय, "सांगितलंस?" एवढाच. मी आत्ता जायला निघालोय त्यात थोडा भाग त्या मेसेजचा आहे. "हो" असं लिहून पाठवता यावं म्हणून. तुमच्या लेकीची पाठ पणाला लागलीय आणि मला अजूनही त्या मुलीने शाबास म्हणावं असं वाटतंय. लाज वाटते, पण आहे.

आई बाहेरून ओरडतेय, नवे पाहुणे येतील, चादरी बदलल्यास का म्हणून. तिला म्हटलं, येऊन बदलतो. काकूंपुढे काय बोलायचं ते मी एवढा वेळ मनात जुळवत होतो. आधी माझी चूक सांगायची, माफी मागायची, मग पाठीचं, असं. पण तसं केलं तर त्या मलाच समजावत बसतील, मी तिथे रडेन, आणि पाठीचं राहून जाईल. तेव्हा आधी तिची पाठ. डॉक्टरकडे आजच, गाडी मी आणतो. पालीला जायचं नाही. माझं काय ते त्यानंतर, त्यांनी विचारलं तर, आणि त्यांनी विचारलं नाही तरीही.

निघालो, सर. दार ओढून घेतो.